कोणाची, कोणाकडून, कोणाकडे: लघुकथेतल्या वस्तूंचा आढावा

आमच्या घरी पितळेचा एक डबा आहे. झाकणाच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं आहे: कोणी दिला, कोणाला दिला, मंगळागौरीचं निमित्त आणि तारीख. चिंच आणि राख लावून घासता घासता आडनावाची शेवटची दोन अक्षरं पुसट झाली आहेत; डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला मात्र लागतात. भांड्यावर नाव घालायची ही रीत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्या एका ओळीत देणारा, घेणारी, त्यांचं नातं, प्रसंग आणि काळ एवढं सगळं मावतं. आजी सांगायची, की हा डबा दोनदा गहाण पडला आणि दोनदा सोडवून आणला. ते झाकणावर लिहिलेलं नाही. कथा तिथून सुरू होते, असं मला वाटतं.

लघुकथेत वस्तूचं काम काय, हा प्रश्न आपल्याकडे वर्गात एका शब्दात मिटतो: प्रतीक. डगला हे प्रतिष्ठेचं प्रतीक, चिमटा हे प्रेमाचं प्रतीक. उत्तरपत्रिकेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण असं म्हटल्यावर वस्तू बाजूला पडते आणि हातात उरते एक भाववाचक संज्ञा. गेल्या पावणेदोनशे वर्षांतल्या चांगल्या कथा पुन्हा वाचताना मला जाणवलं ते वेगळं आहे. कथेत वस्तू एका जागी बसून अर्थ सांगत नाही. ती कोणाकडून तरी येते, कोणाच्या तरी अंगावर झिजते, हरवते, गहाण पडते, दुसऱ्याच्या घरी जाते. या ये-जा करण्यात माणसांचे आपसातले हिशेब उघडे पडतात. अर्थ ही त्या प्रवासाची कमाई असते.

कादंबरीला माणसाची वीस वर्षं उलगडून दाखवायला सवड असते. कथेच्या वाट्याला दहा-पंधरा पानं येतात. त्यात नायकाची ऐपत, त्याचं घर, त्याची इच्छा, त्याचं भय हे सगळं सांगत बसलं तर कथा घडायला जागाच उरत नाही. ते ओझं वस्तू उचलते. म्हणून कथेतली वस्तू हा शैलीचा दागिना मानून चालणार नाही. कथेचा सांगाडाच पुष्कळदा तिच्यावर उभा असतो.

कहाणीतलं खुलभर दूध

आपल्याला हे कोणी युरोपातून येऊन शिकवायची गरज नव्हती. श्रावणातल्या सोमवारी सांगितली जाणारी खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाच्या हुकुमावरून गावातलं सगळं दूध महादेवाच्या देवळात येतं. मुलाबाळांना, वासरांना थेंब मिळत नाही आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी आधी घरच्या पोरांना आणि वासरांना पाजते, मग उरलेलं खुलभर दूध घेऊन येते. ते ओतल्यावर गाभारा भरतो. खुल म्हणजे चिमुकली वाटी. तिचं लहान असणं हीच इथली गोष्ट आहे. घागरींची रांग आणि एक खुल, यांच्या मापातल्या फरकावर कहाणीचा सगळा न्याय तोललेला आहे. चिऊताईचं मेणाचं घर आणि काऊचं शेणाचं घर ही गोष्ट तर आपण बोलायला लागण्याआधी ऐकतो. कोण कुठल्या सामानाचं घर बांधतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, हे तिथंच कळतं.

फरक एवढाच, की कहाणीतली वस्तू चमत्कार घडवते. आधुनिक कथेनं चमत्कार काढून घेतला आणि त्या जागी किंमत आणली.

डगला, हार, पोपट

1842 साली प्रसिद्ध झालेली गोगोलची ‘ओव्हरकोट’ ही या बदलाची मोठी खूण. पीटर्सबर्गच्या कचेरीत नकलनविशी करणारा अकाकी अकाकियेविच. त्याचा जुना डगला ठिगळ लावण्यापलीकडे गेलेला. नव्यासाठी तो संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती पेटवत नाही, तळवे झिजू नयेत म्हणून रस्त्यावर चवड्यांवर चालतो. कॉलरसाठी भारी फर परवडत नाही म्हणून मांजराची फर घेतात, लांबून भारी वाटेल अशी. आणि पेत्रोविच शिंपी डगला घेऊन येतो तो रुमालात बांधून. रुमाल नुकताच धुऊन आलेला आहे. डगला बाहेर काढल्यावर शिंपी तो रुमाल घडी करून खिशात टाकतो, वापरायला.

या रुमालापाशी मी दर वेळी थांबतो. कथानकाला त्याची गरज नाही. पण पेत्रोविचला आपल्या कामाचा केवढा अभिमान आहे आणि तोही किती काटकसरीनं जगणारा आहे, हे दोन्ही त्या घडीत येतं. डगला अकाकीच्या अंगावर एक दिवस राहतो. त्याच रात्री चोर तो हिसकावून नेतात. आपण त्याची महिनोन् महिन्यांची उपासमार पाहिलेली असते, म्हणून ती चोरी आपल्या अंगावर येते.

मोपासाँची ‘हार’ 1884ची. मातिल्द श्रीमंत मैत्रिणीकडून मेजवानीपुरता हिऱ्यांचा हार मागून आणते, तो हरवतो, नवरा-बायको 36,000 फ्रँकचा तसाच हार घेऊन परत करतात आणि कर्ज फेडण्यात दहा वर्षं घालवतात. शेवटी कळतं, की मूळ हार खोटा होता, फार तर 500 फ्रँकचा. या शेवटाची एवढी चर्चा झाली, की हाराच्या पेटीकडे कोणी फारसं पाहत नाही. हार हरवल्यावर ही दोघं पेटीवर नाव असलेल्या सराफाकडे जातात. तो सांगतो, हार माझ्याकडचा नाही, पेटी तेवढी मी दिली असेन. म्हणजे चांगल्या दुकानाच्या पेटीत दुसरीकडचा माल, हे गुपित वाचकापुढे तिथंच ठेवलेलं आहे. पुढे नवा हार परत करताना मैत्रीण पेटी उघडून बघतही नाही. मातिल्दला ती उघडेल याचीच धास्ती होती. उघडली असती तर कदाचित फरक तेव्हाच कळला असता आणि दहा वर्षं वाचली असती. एका न उघडलेल्या झाकणावर आयुष्य फिरतं. ही कथा केवळ शेवटच्या धक्क्यासाठी वाचणाऱ्यांनी ती पुन्हा पेटीसाठी वाचावी.

फ्लोबेरच्या 1877च्या ‘साधं मन’मध्ये फेलिसिते ही मोलकरीण आयुष्यभर एकेक माणूस गमावत जाते. उरतो तो लुलू नावाचा पोपट. तोही मरतो, तेव्हा ती त्याच्यात पेंढा भरून घेते. पुढे त्याला कीड लागते, तरी तिच्या लेखी तो पवित्र असतो. मरताना तिला आकाशात एक प्रचंड पोपट दिसतो. जगाच्या हिशेबी ज्याची किंमत शून्य, त्याच वस्तूत एका बाईचं सगळं उरलेलं प्रेम साठलेलं असतं. लेखक तिची टिंगल करत नाही, म्हणून वाचकही करू धजत नाही.

बंदूक आणि बॅरोमीटर

कथेत वस्तू किती आणि कशासाठी असाव्यात, यावर समीक्षेत दोन टोकं दिसतात. एक चेखॉवचं. उडवायचीच नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर आणू नका, असं त्यानं 1889 साली एका पत्रात बजावलं होतं. हा सल्ला आता नियमासारखा पाठ केला जातो. दुसरं टोक समीक्षक रोलाँ बार्थचं. 1968च्या एका निबंधात त्यानं फ्लोबेरच्या याच ‘साधं मन’मधला भिंतीवरचा बॅरोमीटर उचलला. मालकिणीच्या दिवाणखान्यात पियानोच्या वर तो टांगलेला आहे. कथेत तो पुढे काही करत नाही. बार्थचं म्हणणं असं, की काहीच न करणाऱ्या अशा वस्तू मिळून ‘हे खरं आहे’ एवढंच सांगतात. टी. एस. एलियटनं 1919 साली तिसरी बाजू मांडली होती. भावना नुसती सांगून पोचत नाही. ती जागी करणारी वस्तू, प्रसंग किंवा घटनांची साखळी लेखकाला शोधावी लागते.

गमतीचा भाग असा, की चेखॉव स्वतःच्या कथांत बंदुकीच्या नियमात बसत नाही. कोरोलेंको या लेखकाला त्यानं टेबलावरची राखदाणी दाखवून सांगितलं होतं, की हवं तर उद्या यावर कथा लिहून देतो. 1899च्या ‘कुत्रेवाली बाई’मध्ये याल्टाच्या हॉटेलात आना खिन्न बसलेली असते, अपराधी वाटून बोलत असते, आणि तिचा प्रियकर गुरोव टेबलावरचं कलिंगड कापून सावकाश खात बसतो. अर्धा तास कोणी बोलत नाही. पुढे तो तिच्या गावी जातो. तिथल्या हॉटेलात टेबलावर धुळीनं राखाडी झालेली दौत आहे. तिच्यावर घोडेस्वार, टोपी धरलेला हात वर केलेला आणि मुंडकं तुटलेलं. कलिंगड आणि दौत यांतलं काहीच ‘उडत’ नाही. पण कलिंगड वगळा, गुरोवचा त्या दिवसाचा कोरडेपणा जातो. दौत वगळा, त्या गावाचा कंटाळा जातो. वस्तू कथानकात उपयोगी पडली पाहिजे, हा नियम मला म्हणूनच अपुरा वाटतो. ती पात्राच्या आयुष्यात खरी पाहिजे, एवढं पुरे.

पुढे मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ (1986) या ग्रंथानं या विचाराला नवी दिशा दिली. माणसासारखं वस्तूलाही सामाजिक आयुष्य असतं. ती कधी विकाऊ माल असते, कधी भेट, कधी वारसा. समीक्षक बिल ब्राउन यांनी 2001 साली मांडलं, की वस्तू मोडते, अडते, काम करेनाशी होते तेव्हा ती आपल्याला खऱ्या अर्थानं दिसते. दोघांचीही मांडणी कथेच्या वाचकाला हाताशी धरण्याजोगी आहे.

पंजा, चिमटा, न आलेलं कफन

भारतीय कथेत वस्तूला आणखी एक धार आली: अभावाची. रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’त (1892) रहमत तुरुंगातून सुटून येतो, तो नेमका त्याला लळा लागलेल्या छोट्या मिनीच्या लग्नाच्या दिवशी. तो छातीशी जपलेला मळका कागद काढून उलगडतो. त्यावर एका लहान मुलीच्या पंजाचा ठसा आहे, काजळी फासून उठवलेला. फोटो नाही, चित्र नाही. कलकत्त्याच्या रस्त्यांवर सुकामेवा विकणारा हा माणूस दर वर्षी आपल्या लेकीचा एवढाच भाग बरोबर घेऊन फिरत होता. तो कागद पाहिल्यावर मिनीचा बाप त्याला घरी जाण्यासाठी पैसे देतो आणि त्यापायी लग्नातली रोषणाई आणि बँड यांना कात्री लावतो. कागदावरचा ठसा एका बापाकडून दुसऱ्या बापाकडे पोचला आणि त्याचं रूपांतर लगेच खर्चाच्या हिशेबात झालं. करुणा इथं रकमेत मोजलेली आहे, म्हणून ती खोटी वाटत नाही.

प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मध्ये (1933) जत्रेला निघालेल्या छोट्या हमीदकडे तीन पैसे असतात. बाकीची पोरं मातीचे शिपाई, भिश्ती, वकील घेतात. हमीद चिमटा घेतो, कारण तव्यावरची भाकरी उलटताना आजीची बोटं भाजतात. आपण चिमट्याचं प्रेम लक्षात ठेवतो. वाटेवरचं भांडण विसरतो. खांद्यावर बंदुकीसारखा चिमटा टाकून हमीद पोरांशी वाद घालतो आणि लोखंडापुढे मातीचं काही चालत नाही हे त्यांना पटवून देतो. घरी पोचल्यावर खेळणी एकामागून एक फुटतात. म्हणजे आजीच्या हातात पोचण्याआधी चिमटा पोराच्या हातात खेळणं होऊन गेलेला असतो. लहान मुलाचं बालपण आणि त्याच्यावर आलेलं मोठेपण दोन्ही एकाच लोखंडात आहे.

‘कफन’मध्ये प्रेमचंदांनी याच्या उलटं केलं. घीसू आणि माधव हे बाप-लेक माधवच्या मेलेल्या बायकोच्या कफनासाठी गावातून पैसे गोळा करतात आणि दारू-पुऱ्यांत उडवतात. ज्या वस्तूचं नाव कथेला दिलं, ती शेवटपर्यंत येतच नाही. घरात मेलेली बाई उघडीच. न आलेली वस्तू आलेल्या वस्तूपेक्षा किती जड होऊ शकते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मंटोच्या ‘काली शलवार’मधल्या सुलतानाला मोहरमसाठी काळी सलवार हवी आहे. शंकर तिचे कानातले घेऊन जातो आणि सलवार आणून देतो. मग मैत्रीण मुख्तार येते. तिच्या कानात सुलतानाचे कानातले, हिच्या अंगावर तिची सलवार. दोघी एकमेकींना विचारतात, दोघी खोटं सांगतात आणि थोडा वेळ गप्प बसतात. मंटो पुढे एक शब्द बोलत नाही. दोन वस्तूंची अदलाबदल पुरेशी बोललेली असते.

मराठी कथेचं सामान

मराठी भाषेत तर वस्तूच्या प्रत्येक हालचालीला वेगळं क्रियापद आहे. सोनं मोडतात, दागिना गहाण टाकतात, सोडवतात, भांडं आंदण देतात, आहेर करतात, खण ओटीत घालतात, वाण लुटतात, जुनं लुगडं बोहारणीला देऊन पातेलं घेतात. रुखवतात मांडलेलं सामान सासरी कोणत्या कपाटात गेलं, यावर एक कथा सहज होईल. य. गो. जोशींच्या घरगुती कथेनं हे शब्दभांडार ओळखलं होतं. ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘शेवग्याच्या शेंगा’ ही नावंच पाहा. दोन्हींवर पन्नाशीच्या दशकात चित्रपट निघाले आणि मराठी प्रेक्षकांना ते आपल्या घरातले वाटले.

नवकथेनं माणसाच्या मनात शिरताना वस्तूकडे पाहण्याची नजरही बदलली. खोली, रस्ता, तळं ही मनःस्थितीची रूपं झाली. पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते व्यंकटेश माडगूळकरांचं वस्तू हाताळणं. ‘माणदेशी माणसे’ (1949) मधला धर्मा रामोशी अंगावर चिंध्या घेऊन येतो, त्याला धोतर दिलं जातं. नंतर उमगतं, की ते धोतर त्याची लेक बजा लुगड्यासारखं नेसते आहे. लेखक दारिद्र्यावर भाष्य करत नाही. एक वस्त्र बापाकडून लेकीकडे गेलं, एवढंच सांगतो. पुरुषाचं धोतर बाईचं लुगडं होतं, या एका बदलात माणदेशातला दुष्काळ, बापाची माया आणि देणाऱ्याच्या दानाची अपुरी लांबी हे सारं आहे.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’मध्ये सोन्याचा प्रवास उलटा आहे. मेलेल्यांबरोबर गेलेलं सोनं जिवंत माणूस परत आणतो. खाण बंद पडल्यामुळे बेकार झालेला भीमा पहार घेऊन स्मशान धुंडाळतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि पुढे ती गमवावी लागतात. नेमकं त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं. दगड फोडणारे हात सोन्यापायी निकामी झाले. सोन्याची चमक या कथेत कुठंच नाही. आहे ती पहारीची ताकद आणि पोटाची घाई.

दलित कथेनं वस्तूबद्दलचा आपला भाबडेपणा मोडून काढला. जातिव्यवस्थेत वस्तू कधीच निष्पाप नव्हती. कोणाचं भांडं वेगळं, कोणाला पाणी वरून ओतायचं, कोणाच्या हातात भाकरी टाकायची, हे ठरलेलं होतं. बंधुमाधव यांच्या विषारी भाकरीच्या कथेत खळ्यावर राबणाऱ्या म्हाताऱ्याच्या वाट्याला गुरांपुढचे शिळे, घाण तुकडे येतात आणि ते खाऊन तो मरतो. मध्यमवर्गीय कथेतली भाकरी माया दाखवते. इथली भाकरी जीव घेते. बाबूराव बागुलांनी 1963च्या संग्रहाला ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे नाव दिलं, तेव्हा जातच चोरून बाळगायची वस्तू झाली. वस्तूचा अर्थ सर्वांना एकच असतो, असं मानणारी समीक्षा इथं थांबते.

भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’मधले टोमॅटो अनेकांनी शाळेत वाचले आहेत. बाजारात भाव कोसळतो आणि बाप पिकवलेला माल स्वतःच पायाखाली तुडवतो. सकाळी जो माल होता, तो संध्याकाळी चिखल होतो. आणि कमल देसाईंच्या ‘हॅट घालणारी बाई’मध्ये एक परकी, पुरुषी वस्तू बाईच्या डोक्यावर येते आणि तिच्याकडे पाहणाऱ्यांची सगळी गणितं हलवते.

आता काय उरलं

सगळ्याच चांगल्या कथा वस्तूंवर उभ्या राहतात, असं मी म्हणणार नाही. द. मा. मिरासदारांची पारावर बसून सांगितल्यासारखी कथा बोलण्याच्या लयीवर चालते. पण वस्तूंचा आधार घेणाऱ्या आजच्या पुष्कळ कथांत मला एक अडचण दिसते. ट्रंकेत सापडलेली डायरी, कोमेजलेली तुळस, फुटलेली बांगडी, खिडकीवरचा पाऊस हे सामान तयार अर्थासह येतं. लेखकानं ते कोणाच्या हातात दिलेलं नसतं, म्हणून ते झिजत नाही. आणि मोबाइलनं घड्याळ, पत्र, कॅमेरा, टॉर्च, पाकीट एकट्यानं गिळल्यामुळे कथेच्या टेबलावर पूर्वीइतक्या वस्तू उरल्याही नाहीत. तरी मोबाइललाही आयुष्य आहे. गेलेल्या माणसाचा नंबर कोणी काढून टाकत नाही. हप्ता थकलेला फोन आणि तडा गेलेली काच यांतही ऐपत दिसते. धाकट्याला थोरल्याचा जुना फोन मिळतो, तसा पूर्वी थोरल्याचा शर्ट मिळायचा. या हस्तांतराकडे लक्ष देणारी कथा अजून लिहिली जायची आहे.

म्हणून लिहिणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. वस्तूला लगेच प्रतीक म्हणू नका. आधी विचारा: ही कोणाची, कोणाकडून आली, कोणाकडे गेली, आणि मधल्या काळात तिचं काय झालं? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आपल्या घरातल्या भांड्यावर कोरलेली असतात. चौथ्याचं उत्तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. ते विचारून घ्या, लिहून ठेवा. अक्षरं झिजत चालली आहेत.